ओझं नसलेल्या मालनबाई

आमच्या मंडळीत ओझ्याला तोटा नाही. कळमनुरीच्या बाजार मैदानामागे आमचं छोटं देऊळ आहे, चाळीसेक ख्रिस्ती घरं आहेत, आणि प्रत्येक घरात एक तरी माणूस असा की ज्याच्या अंतःकरणावर प्रभूने कशाचं ना कशाचं ओझं ठेवलेलं आहे. बाहेरच्या माणसाला हे कळायचं नाही म्हणून सांगतो. 'मला अमक्या गोष्टीची कळकळ आहे' असं साधं आम्ही म्हणत नाही. 'माझ्यावर अमक्या गोष्टीचं ओझं आहे' असं म्हणतो. आजाऱ्यांचं ओझं, विधवांचं ओझं, देवळाच्या गळक्या पत्र्यांचं ओझं. उपासनेत उभं राहून ओझं जाहीर केलं की माणूस समाधानाने खाली बसतो, आणि पत्रे दुरुस्त करायला दुसराच कुणीतरी शिडी घेऊन वर चढतो.

सगळ्यांत जास्त मागणी तरुणांच्या ओझ्याला. पंचांचे अध्यक्ष अमृतराव तलाठी म्हणून निवृत्त झाले आणि तेव्हापासून, म्हणजे गेली नऊ वर्षं, तरुण संघाचे मार्गदर्शक आहेत. या नऊ वर्षांत संघातल्या एकाही पोराचं नाव त्यांना पहिल्या फटक्यात आठवलेलं मी पाहिलं नाही. 'अरे हा, आपल्या त्याचा' असं म्हणून ते वेळ मारून नेतात. पण ओझं प्रचंड. तरुणांसाठी प्रार्थना करताना त्यांचा गळा दाटून येतो, आणि ती प्रार्थना संपेपर्यंत निम्मे तरुण बाहेर जाऊन चहा पिऊन आलेले असतात.

मी या संघाचा चिटणीस. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. नाव मुंजाजी. बाहेरून येणारे उपदेशक हे नाव ऐकून दचकतात आणि बदलून घ्या म्हणतात. आजीने ठेवलं होतं, प्रभूने अजून हरकत घेतलेली नाही, म्हणून मीही घेतली नाही. तरुणांचं ओझं माझ्यावरही होतं. दर रविवारी साक्षीच्या वेळी मी उठून ते सगळ्यांना सांगत असे, आणि माझा आवाज अमृतरावांपेक्षा बरा आहे असं माझं मत होतं.

आता मालनबाई. त्या पंचांत नाहीत, कुठल्या कमिटीत नाहीत, गाण्याच्या पथकात तर नाहीतच, कारण त्या गायला लागल्या की पेटीवालाच आपली पट्टी बदलतो. नवरा जाऊन वीस वर्षं झाली, मुलगा पुण्याकडे कंपनीत आहे. देवळाच्या बोळात एका पत्र्याच्या खोलीत पायाची शिलाई मशीन टाकून त्या ब्लाऊज शिवतात, शाळेचे गणवेश शिवतात, साड्यांना फॉल-पिको करतात. मशीनशेजारी एक स्टूल आहे. गिऱ्हाईक त्यावर क्वचितच बसतं. तिथे संघाची पोरं-पोरी बसतात.

कुणाची पँट उसवलेली असते, कुणाच्या कुर्त्याची बाही. मालनबाई कापड घेतात, सुईखाली सरकवतात आणि मशीन सुरू करतात. मशीनचा आवाज असा की बोळातून जाणाऱ्याला आतलं काही ऐकू येत नाही. पोरगं बोलायला लागतं. मालनबाई मान वर करत नाहीत. मधूनच 'मंग?' एवढं म्हणतात, आणि शिवण संपली तरी पोराचं बोलणं संपेपर्यंत एखाद्या चिंधीवर टीप मारत राहतात. ही त्यांची सेवा. हिला कुणी सेवा म्हटल्याचं माझ्या ऐकण्यात नाही.

प्रेमदास नावाच्या पोराने एका महिन्यात तीनदा तीच पँट आणली. आपोआप उसवलेली शिवण आणि ब्लेडने उसवून आणलेली शिवण यांतला फरक शिंप्याला कळतो, धागे सारखे तुटलेले असतात. मालनबाई काही बोलल्या नाहीत, तिन्ही वेळा शिवून दिली. तिसऱ्या वेळी त्याने सांगितलं की बाप पिऊन येतो आणि पुस्तकं बोळात फेकतो. त्यानंतर त्याची पुस्तकं मालनबाईंच्या कापडाच्या कपाटात राहू लागली. तो आता नांदेडला बँकेत आहे आणि हे सगळं मला त्यानेच नोकरी लागल्यावर सांगितलं. त्या वर्षीच्या संघाच्या वृत्तांतात मी 'तरुणांसाठी चार उद्बोधक व्याख्याने झाली' असं लिहिलं आहे. ती चारही अमृतरावांची होती.

माझी मुलगी कोमलसुद्धा त्या स्टुलावर बसायची. तिला डॉक्टर करायचं म्हणून मी दोन वर्षं नांदेडला क्लासला ठेवलं होतं. तिने दोनदा नीट दिली आणि दोन्ही वेळा ती नीट झाली नाही. हा विनोद माझा आहे, आणि पाहुण्यांसमोर, तिच्या देखत, मी तो तीन वेळा केलेला आहे. गेल्या जूनपासून ती घरी होती. घरात 'हो', 'नको', 'जेवले' यापलीकडे शब्द काढत नव्हती. मात्र आठवड्यातून दोनदा ओढणीला पिको करायला म्हणून जायची आणि तासाभराने जरा हलकी होऊन यायची. इतका पिको एका ओढणीला लागत नाही हे मला कळत होतं. त्यात मला आनंद व्हायला हवा होता. मला राग यायचा.

या जानेवारीत नव्या पाळकांनी एक दिवसाचं प्रशिक्षण ठेवलं. पाळक, म्हणजे आमचे पाद्री, तरुण, तळमळीचे, अजून कुणाला न दुखावलेले. मोठ्या शहरातून प्रशिक्षक आले, लॅपटॉप आला, पडदा लागला. विषय होता 'तरुणांच्या सेवेत प्रौढ स्वयंसेवकांची भूमिका'. प्रौढांच्या भूमिकेची चर्चा असल्याने तरुणांना आत प्रवेश नव्हता. चहा द्यायला आणि ज्यांचा चष्मा घरी राहिला आहे त्यांना फॉर्म वाचून दाखवायला तेवढ्या चार पोरी आत घेतल्या, त्यांत कोमल होती.

सकाळी आम्हाला फुगे दिले. तोंडाने फुगवून एकमेकांच्या पाठीवर फोडायचे, म्हणजे संकोच जातो. सदुसष्ट वर्षांच्या अमृतरावांचा संकोच काही गेला नाही, कंबर मात्र गेली. मग ऐकण्याच्या पाच पायऱ्या शिकवल्या. पहिली पायरी, समोर बसा. दुसरी, तरुणाच्या डोळ्यांत डोळे घालून पाहा. बाकीच्या तीन कागदावर आहेत. शेवटी फॉर्म आले. प्रश्न बारा. सातवा असा: 'तरुण पिढीविषयी आपल्या अंतःकरणात ओझे आहे काय? होय / नाही.'

फॉर्म गोळा करण्याचं काम चिटणीसाचं. अमृतरावांनी 'होय'वर खूण करून शेजारी 'फार' असं लिहिलं होतं. सगळ्यांचं होय होतं. मालनबाईंची खूण 'नाही'वर होती, शाई फुटेपर्यंत दाबून केलेली.

प्रशिक्षकांनी तो फॉर्म बघून मान हलवली. "बाकी बरंय, पण सातवा हा पायाचा प्रश्न आहे. ज्यांना ओझंच नाही, त्यांच्या हाती तरुण देऊ नका."

तरुणांत काम करायला योग्य ठरलेल्या प्रौढांची यादी तयार झाली. यादीत नसलेल्या प्रौढाने तरुणांशी एकांतात बसायचं नाही, असा नियमही झाला. नियम वाईट नव्हता. आजकाल जे कानावर येतं ते पाहता तो हवाच. वाईट एवढंच की वर्षानुवर्षं तरुणांपासून सुरक्षित अंतरावर राहिलेले आम्ही पाच जण यादीत होतो, आणि मालनबाई नव्हत्या. त्या क्षणी मी उठून 'साहेब, या बाईंना प्रश्न कळला नसेल' एवढं म्हणू शकलो असतो. म्हटलं नाही. खरं सांगायचं तर मला आतून थोडं बरं वाटलं होतं.

निरोप सांगायचं कामही चिटणीसाचंच. मी गेलो तेव्हा त्या एका गणवेशाला खिसा लावत होत्या.

"सलाम मालनबाई. तुमचं नाव यादीत आलं न्हाई," मी म्हणालो.

"सलाम गुर्जी. काहून?"

"सातव्या प्रश्नाला तुमी नाही लिहिलं."

"व्हय. लिवलं."

"आता पोरांना इथं बसवू नका. शिवायला आले तर शिवून द्या, पण बोलत बसणं नको. नियम झालाय."

मला वाटलं वाद घालतील. त्यांनी मशीनवरचा हात काढला, उठल्या, स्टूल उचलून आत नेऊन ठेवलं आणि परत येऊन बसल्या. "नियम हाय तर हाय. माज्यातच काई कमी असंल," म्हणाल्या, आणि खिशाची राहिलेली बाजू शिवायला लागल्या. मला त्यांचा आज्ञाधारकपणा फार आवडला. मी पाळकांना तसं सांगितलंही.

पुढचे तीन शनिवार संघाची सूत्रं पूर्णपणे ओझेवाल्यांच्या हाती होती. अमृतरावांनी मोबाइलचे दुष्परिणाम या विषयावर पंचावन्न मिनिटं सांगितलं, मोबाइलमध्ये बघून. पहिल्या शनिवारी एकोणीस पोरं होती, दुसऱ्या शनिवारी अकरा, तिसऱ्या शनिवारी सहा. त्या सहांपैकी दोन अमृतरावांचे नातू होते. 'तरुण पिढी भरकटत चाललीय' असं ते म्हणाले आणि त्यांचं ओझं आणखी वाढलं.

चौथ्या आठवड्यात बायको मला म्हणाली, "कोमल दुपारी मालनबाईकडं गेली व्हती. दहा मिनिटांत परत आली. तवापासून पडून हाय भिंतीकडं तोंड करून. जेवली बी न्हाई."

"काय झालं?"

"मालनबाईनं कुर्ता शिवून दिला आन् म्हणाली, बाई, बोलायचं असंल तर यादीतल्या माणसाशी बोल. तुजे पप्पाच हायत की यादीत." बायकोने माझ्याकडे असं पाहिलं की जणू यादीत मी वशिल्याने आलो होतो. "मंग बोला आता. तुमीच राहिलात."

मी पाच पायऱ्यांचा कागद काढला, पुन्हा एकदा वाचला आणि कोमलला बाहेरच्या खोलीत बोलावलं. समोर बसवलं. तिच्या डोळ्यांत डोळे घातले. कागदावर लिहिल्याप्रमाणे आवाज मऊ करून म्हणालो, "बेटा, तुझ्या मनात काय आहे ते मोकळेपणाने सांग." तिने माझ्याकडे पाहिलं. वर्गात गृहपाठ न केलेली पोरं माझ्याकडे असंच पाहतात. मी पापणी न हलवता वाट पाहिली, कारण चौथी पायरी 'घाई करू नका' अशी आहे. दोन मिनिटांनी ती म्हणाली, "पप्पा, मी जाऊ?"

त्या रात्री मला झोप नीट लागली नाही. ती जेवत नव्हती आणि माझ्याजवळ प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र होतं, एवढीच परिस्थिती होती. मला भीती वाटायला लागली. जिच्याशी पोरगी बोलत होती तिचं तोंड मीच बंद करून आलो होतो.

सकाळी पाळकांना गाठलं. ते लगेच म्हणाले, कोरा फॉर्म घेऊन जा, बाईंना सातव्याचा अर्थ समजावून सांगा, होय करून आणा, मी आजच नाव घालतो. मी फॉर्म आणि पेन घेऊन बोळात गेलो. स्टूल नव्हतंच, म्हणून उभाच राहिलो.

"मालनबाई, एक शब्द बदलायचाय," मी म्हणालो. "हे डोक्यावरचं ओझं न्हाई. याचा अर्थ कळकळ, प्रेम. तुमी चुकून नाही केलं."

"चुकून न्हाई केलं. मला कळतंय की गुर्जी. मी बी चाळीस साल देवळात येऊन राहिले. तुमी समदे साक्ष देता ती ऐकतेच ना."

"मग होय लिहा. म्हणजे पोरांना परत बसवता येईल. कोमल जेवून नाही राहिली."

मशीन थांबली. त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला आणि पुन्हा लावला. त्यांना वाईट वाटलं होतं हे दिसत होतं. पण पेन त्यांनी घेतलं नाही.

"न्हाई लिवता येत. एकदा न्हाई म्हणून बसले. ते फिरवायचं न्हाई."

प्रभूसमोर दिलेला शब्द, असा मी अर्थ घेतला, कारण आमच्याकडे सगळ्याचा तोच अर्थ घ्यायची सवय आहे. म्हातारं माणूस हट्टाला पेटलं की पेटलं, असं मनात म्हणून मी फॉर्मची घडी घातली. निघताना त्या मागून म्हणाल्या, "गुर्जी, तिच्याकडं बघू नका. हातात काई तरी काम धरा आन् बाजूला बसा. काई विचारू बी नका."

फॉर्मचं पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकतो. पुढच्या आठवड्यात पाळकांनी सातवा प्रश्न स्वतःच्या हाताने खोडला आणि मालनबाईंचं नाव यादीत घातलं. अमृतरावांनी आक्षेप घेतला की मग ओझं कुणाला आहे आणि कुणाला नाही हे ओळखायचं कसं. पाळक म्हणाले, पोरांना विचारून. यावर अमृतराव अजून विचार करत आहेत. स्टूल बाहेर आलं आहे. पाळकांचं मन कशाने वळलं, तर मी त्यांना जे सांगितलं त्याने, आणि मी ते ऐकलं मालनबाईंकडून कोरा फॉर्म परत आणला त्याच दिवशी दुपारी.

त्या दुपारी मी बायकोकडून भुईमुगाच्या शेंगांचं टोपलं मागून घेतलं आणि ओसरीवर कोमलच्या बाजूला जाऊन बसलो. समोर नाही, बाजूला. शेंगा फोडायला लागलो. मला ते काम येत नाही, निम्मे दाणे टरफलांत जात होते. असा अर्धा तास गेला. मग तिने टोपलं आपल्याकडे ओढलं आणि तीही फोडायला लागली.

"पप्पा, तुमी दर रविवारी उभं राहून ओझं हाय म्हणता ना," ती म्हणाली, "तवा समदे माझ्याकडं बघतात."

मी मान वर करणार होतो. केली नाही.

"दोन साल नांदेडला ठेवलं, दोनदा नापास झाले. तुमी पाहुण्यांत हसता त्याच्यावर. मंग देवळात उठून सांगता तरुणांचं ओझं हाय म्हणून. मला वाटतं माझंच सांगून राहिले. मागच्या सतरंजीवर बसणाऱ्या समद्याच पोरापोरींना वाटतं, आपलंच सांगून राहिले. देवळात शिरताना आमी एकमेकांना म्हणतो, चला, ओझी आली."

मला समजावून सांगायचं होतं. मूळ अर्थ काय, शास्त्रात तो कसा येतो, भावना किती उदात्त. शिक्षक असल्याने हे मी पाऊण तास सांगू शकलो असतो. जिभेवर आलेलं ते सगळं कसं कुणास ठाऊक, मी गिळलं. हातातला दाणा कितीदा सोलला तरी सोललेलाच होता.

"मालनमावशीचा फॉर्म मीच वाचला व्हता त्या दिवशी," ती पुढे म्हणाली. "तिचा चष्मा घरी राहिला व्हता. सातवा प्रश्न आला, तर मी तो लिहिलाय तसा वाचलाच न्हाई. मी तिला माझंच विचारलं. मावशी, तुला आमचं ओझं वाटतं का? तिनं मान वर केली आन् माझ्याकडं बघितलं. न्हाई म्हणाली. मंग माझ्याच हातातला पेन घेतला, म्हणाली दाखव कुठं, आन् स्वतः खूण केली."

तिने हातातली शेंग फोडली.

"तुमी काय लिहिलं व्हतं, पप्पा?"

खोटं सांगता आलं असतं. माझा फॉर्म तिने पाहिलेला नव्हता, आणि ते कागद पाळकांच्या कपाटात कुलपात होते.

"होय लिहिलं," मी म्हणालो.

"मला वाटलंच," ती म्हणाली, आणि तिने पुढची शेंग घेतली.